तुळशीची काडी गोल की चौकोनी?

"माई, मी 39 वर्षांची. लग्न होऊन मिरजेत आले त्याला 14 वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी डायरी लिहीत होते, ती नवऱ्याच्या हाती लागली. सासूबाईंबद्दल, जावेबद्दल त्यात बरंच होतं. घरात रामायण झालं. मी डायरी बंबात घातली. यंदा पुन्हा नवी डायरी आणली, पण दहा जानेवारीच्या पुढे गेले नाही. वाढदिवसाला मुलीने स्केचबुक दिलंय, तेही कोरंच आहे. मला चित्र येत नाही, शाळेत एलिमेंटरीला 'सी' ग्रेड होती. आणि लिहायला तरी काय आहे? सकाळी डबे, मुलीला शाळेत सोडायचं, भोपळे टांगलेल्या दुकानांवरून मंडईत, भाजी, घर. पूर्वी मला सगळ्याचं कुतूहल वाटायचं. आता काही विचारावंसंच वाटत नाही. मी म्हातारी झाले का?
– कोरी वही"

प्रिय कोरी वही,

39 ला तू म्हातारी, तर 67 ला माझं काय करायचं गं?

आधी बंबाचं बोलू, कारण खरं ठसठसतंय ते तिथेच. दुसऱ्याची डायरी उघडणं म्हणजे न्हाणीघराचं दार न वाजवता ढकलणं. आत कोण कसं आहे, यावरून मग भांडायचा हक्क राहत नाही. हे नवऱ्याला एकदा सांग. भांडण चालू असताना नको, संध्याकाळच्या चहाला सांग. "माझ्या वहीला हात लावायचा नाही," एवढंच. कारणं देऊ नकोस. कारण दिलं की त्यावर वाद घालता येतो. आणि वही लपवू नकोस. तांदळाच्या डब्यात लपवलेली वही सगळ्यांत आधी सासूबाईंनाच सापडते.

जावेबद्दल लिहिलंस त्यात चूक काही नव्हतं. कुठेतरी ओकायला हवंच. पण त्याला सुटा कागद पुरतो. लिहायचं, एकदा वाचायचं, टराटरा फाडायचं. वही त्यासाठी वापरू नये, हे मी शहाणपणाने नाही, पस्तावून सांगते आहे. मागे माळा आवरताना माझी 1998 ची डायरी हाती लागली. पानोपानी नणंदेच्या तक्रारी! आणि त्याच वर्षी माझा मुलगा सायकल शिकला, त्याचा एका शब्दाने उल्लेख नाही. ती नणंद आज माझी सगळ्यांत जवळची मैत्रीण आहे. सायकलचा दिवस मात्र गेला तो गेला.

छापील तारखांची डायरी आणणं ही तुझी दुसरी चूक. अकरा जानेवारीचं पान कोरं राहिलं की ते आपल्यावर डोळे वटारतं, मग बारा तारखेला उघडायची लाज वाटते. मुलीची शंभर पानी रेघी वही घे. ज्या दिवशी लिहिशील त्या दिवशी वर तारीख टाक. मधे तीन आठवडे गेले तर गेले.

आणि पानभर लिहायची सक्ती कुणी केली? शिवकाळातल्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली होती. एकेका सालाखाली एकेक, दोनदोन ओळी. काय घडलं, कोणत्या तिथीला घडलं, की पुढचं साल. लोकमान्य टिळकांनी ती 1916 साली प्रसिद्ध केली, आणि शिवरायांच्या जन्मतिथीच्या वादात तिच्यातली शके 1551, फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद मोठा पुरावा ठरली. ज्याने कुणी ती लिहिली, त्याने मनातलं काही ओतलं नव्हतं. तुझ्या वहीवरून इतिहासकार भांडतील असं मी म्हणत नाही. पण "आज पहिली कैरी आली, 20 ला दोन" एवढी ओळसुद्धा पाच वर्षांनी वाचताना केवढी गोड लागते, ते बघच.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ. तू लिहिलंस, "भोपळे टांगलेल्या दुकानांवरून मंडईत." मी हे वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. अगं, जगात किती बायका भोपळे टांगलेल्या दुकानांवरून भाजीला जातात? तू सतारमेकरांच्या गल्लीतून रोज चालतेस आणि मला विचारतेस, लिहायला काय आहे!

ते भोपळे भाजीचे नव्हेत, हे तुला माहीत असेल. पंढरपूरच्या बाजूला ते पिकतात, वाळवले की लाकडासारखे कडक होतात, आणि तुझ्या गावात येऊन त्यांचा तानपुरा होतो. ही कला तुमच्याकडे आली तीही गंमतच आहे. फरीदसाहेब सतारमेकरांचं घराणं मूळचं शिकलगारांचं, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचं. लढाया संपल्या, तलवारींना कुणी विचारीना, तेव्हा एकोणिसाव्या शतकात तेच हात तारांकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात तूही वाचलं असशील. वाचलंस आणि भाजीला गेलीस.

तुला ओरडत नाहीये. रोज दिसतं ते दिसेनासं होतं, हे सगळ्यांचंच होतं. कुतूहल मेलं असं आपण म्हणतो, पण ते बहुतेक वेळा नुसतं घाईत असतं. भाजी संपायच्या आत मंडई गाठायची असते ना!

इथेच ते स्केचबुक कामाला येईल. चित्र चांगलं यावं म्हणून नव्हे; ती भानगड एलिमेंटरीच्या परीक्षेबरोबर संपली. (वस्तुचित्राच्या पेपरात तांब्याभांडं ठेवून आपल्याला जन्माची धास्ती घालणाऱ्या त्या तासांवर मी केव्हातरी स्वतंत्र लिहिणार आहे.) चित्र काढायचं ते एखाद्या वस्तूसमोर दहा मिनिटं बसायला निमित्त हवं म्हणून. नुसतं दहा मिनिटं बघत बसलीस तर घरातले विचारतील, बरं आहे ना? हातात पेन असलं की कुणी विचारत नाही.

पारिजातक आमच्या दारात तीस वर्षं आहे. रोज फुलं वेचून देवाला वाहिली. दोन वर्षांपूर्वी नातीबरोबर एक फूल काढायला बसले आणि अडले, पाकळ्या किती? मोजल्या, सहा. दुसऱ्या फुलाच्या मोजल्या, सात. तिसऱ्याच्या पाच! एकाच झाडाची, एकाच सकाळची फुलं. माझं चित्र नातीने "भिंगरी आहे का?" म्हणून परत केलं, पण मोजदाद माझ्या वहीत आहे. चित्र काढायला बसले नसते तर मी मरेपर्यंत पारिजातकाला पाच पाकळ्या असतात असंच सांगत राहिले असते, आणि तेही ठणकावून.

तू तुळशीला रोज पाणी घालतेस? मग सांग, तिची कोवळी काडी गोल असते की चौकोनी? मोबाईलवर बघू नकोस. बोटांत धरून फिरव आणि काढ. साधं बॉलपेन घे, शिसपेन नको, कारण खोडरबर हाती आला की आपण चित्र सोडून पुसायलाच बसतो. पाच मिनिटं वस्तूकडेच बघत राहा, कागदाकडे नको. रेघ भरकटेल. भरकटू दे. खाली एक ओळ: काय नवीन दिसलं. झालं त्या दिवसाचं.

मुलगी शेजारी बसली तर तिलाही काढू दे. पण तिच्या चित्राला शाबासकी आणि स्वतःच्या चित्राला "शी!" असं तिच्यासमोर म्हणू नकोस. मुलं ती "शी" नेमकी उचलतात.

कुतूहलाला काय लागतं, याचं मला आवडणारं उदाहरण आपल्या अलिबागजवळच्या किहीमचं आहे. सालिम अली 1930 मध्ये बर्लिनहून पक्षिशास्त्र शिकून परतले, तर मुंबईतल्या म्युझियमची त्यांची नोकरीच पैशाअभावी बंद झालेली. ते बायकोच्या किहीमच्या घरी जाऊन राहिले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तिथे ते शिडीवर, आडोशात बसून बघायला लागले. कोणत्या नराने काय केलं, मादी कधी आली, नोंदवत गेले. आणि निघालं काय? आपण पिढ्यान् पिढ्या सुगरणीचं कौतुक करत आलो, विणतो मात्र नर! अर्धं घरटं झालं की मादी पाहायला येते, पसंत पडलं तर राहते. मग हा उरलेलं पुरं करतो आणि शेजारी दुसरं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. (हे जावेला सांग. भांडण मिटेल.) बेकार माणूस, एक शिडी, एक झाड. विषय घरामागेच होता.

म्हणून तुझ्या वहीत डावीकडच्या पानावर पाहिलेलं लिही आणि उजवीकडे फक्त प्रश्न. उत्तर मिळालंच पाहिजे असं नाही. पण आठवड्यातून एक प्रश्न कुणालातरी प्रत्यक्ष तोंडाने विचारायचा. भाजीवालीला, चाव्या करणाऱ्याला, सासूबाईंनाही. त्यांना विचार, त्यांच्या माहेरी बंब कोण पेटवायचं. बघ काय काय निघतं ते. ज्या बाईला आपण प्रश्न विचारतो, तिच्याबद्दल पानभर तक्रार लिहिणं जरा जड जातं, असा माझा अनुभव आहे. जड जातं म्हणाले, बंद होतं म्हणाले नाही.

पहिला प्रश्न मात्र माझ्यासाठी विचार. मिरजेला मी दोनदा आले आणि दोन्ही वेळा गाडी चुकेल म्हणून त्या गल्लीतून पळत गेले. भाजीची पिशवी घेऊन एखाद्या दुकानाच्या पायरीशी थांब. आत कुणीतरी तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, घासत बसलेलं असेल, जवारी काढत; तार गुंजावी म्हणून घोडीला नेमका उतार देणं, ती जवारी. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. कामात खंड पडणार नाही असं बघून विचार: जवारी जमली, हे तुम्हाला आधी कानाला कळतं की बोटाला?

उत्तर पोस्टकार्डावर चालेल. सोबत भोपळ्याचं चित्र असलं तर उत्तम. 'सी' ग्रेडचंच पाठव.

तुझी,
माई