शिवनेरीनंतर कुठे जावं?

प्रश्न: जुन्नर तालुक्यातला शिवनेरी पाहून झाला. इतिहासाची आवड असलेल्या मुलीला आणखी काय दाखवू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: थेट नाणेघाट गाठा. कल्याण बंदरातून जुन्नरला येणारा माल सातवाहनकाळात याच वाटेनं चढायचा. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असं सांगतात. पण माझा जीव गुंततो तो तिथल्या लेण्यात. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणं (तेव्हाची नाणी) आकड्यांसह कोरली आहेत. मुलीला ते आकडे शोधू द्या. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या; आता नावं उरलीत आणि काहींची पावलं. तिथं कुणी स्वतःचं नाव खरडताना दिसलं, तर तिथल्या तिथं हटका. पावसाळ्यात धुकं फार, हिवाळ्यात जा.