सेल इंज्युरी डोक्यात शिरत नाही म्हणणारीला, माझ्या चुकीसकट

तुझी पोस्ट वाचली आणि वीस वर्षांपूर्वीची मीच समोर आले. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बेळगावात नर्सिंग. वर्गात मॅडम इंग्लिशमधून शिकवणार, कुणाला कळलं नाही तर कन्नडमधून समजावणार, आणि आपण दोन्हीकडून कोरडे. तू लिहिलंयस की नर्सिंगच्या इंटर्नल परीक्षेत सेल इंज्युरीचा, म्हणजे पेशीला होणाऱ्या इजेचा, रिव्हर्सिबल (सुधारू शकणारी) आणि इर्रिव्हर्सिबल (न सुधारणारी) असा तक्ता उलटा उतरवलास, हायपरट्रॉफी-हायपरप्लासियाची रोज अदलाबदल होते, आता कोर्स सोडू का? सोडू नकोस. (लहान आहेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.)

पेशी म्हणजे काय, तंतुकणिका काय करतात, ते शाळेत झालंय, त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच की तो दोन रकान्यांचा तक्ता फाडून टाक. त्यामुळे वाटतं की रिव्हर्सिबल हा एक आजार आणि इर्रिव्हर्सिबल हा दुसरा. वाट एकच असते गं, फक्त किती वेळ गेला ते बघायचं.

तू खानापूरकडची म्हणतेस, तर विहीर खोदताना बघितली असशील. कडेनं पाणी झिरपत असतं, म्हणून मोटर सतत चालू ठेवतात, तेव्हा कुठं खाली माणसं काम करू शकतात. पेशीचं तेच. बाहेरून सोडियम झिरपत असतं आणि पटलावरचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यावरचा, पंप दर फेरीला ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो. त्या पंपाची वीज म्हणजे एटीपी, तंतुकणिका बनवतात ते ऊर्जेचं रसायन. रक्त अडलं, ऑक्सिजन संपला की लाईट गेली. सोडियम आत साठतं, त्याच्यामागं पाणी येतं, पेशी फुगते. ऑक्सिजनशिवाय कशीबशी साखर जाळून भागवते, त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं आणि आतलं वातावरण आंबट होतं. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कण, जागेवरून सुटतात, प्रथिनं बनायची मंदावतात. यकृतात याच कारणानं चरबी बाहेर पाठवता येत नाही आणि आतच साठते. इथपर्यंत लाईट आली तर मोटर पाणी उपसते आणि काम पूर्ववत सुरू होतं. फार वेळ आली नाही तर कडा ढासळतात. पटल फाटतं, कॅल्शियम आत घुसतं, त्यानं जागे झालेले एन्झाइम पेशीलाच खायला लागतात, तंतुकणिका कायमच्या बंद पडतात. मग लाईट येऊन काय उपयोग? उलट रक्त परत आल्यावर फ्री रॅडिकलमुळं (दिसेल त्याला चावणारे अस्थिर रेणू) थोडं नुकसान आणखी होतं, त्याला रीपर्फ्युजन इंज्युरी म्हणतात. म्हणून रक्त सुरू करायचं नाही असा अर्थ काढू नकोस, एका मुलीनं व्हायव्हात खरंच काढला होता.

फाटलेल्या पटलातून आतला माल रक्तात सांडतो. हार्ट अटॅकला रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, का बघतात ते आता तुझं तूच सांगशील. वेळ अवयवागणिक वेगळा. मेंदूच्या पेशींना ३ ते ५ मिनिटं, हृदयाच्या स्नायूला साधारण २० ते ३० मिनिटं, हातापायाच्या स्नायूंना काही तास.

आता माझी चूक. हे सगळं मला पाठ होतं. पेपरात या प्रश्नाला चांगले मार्क पडले होते. त्याच दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर आजी खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. कूस बदलताना माकडहाडाशी तळहाताएवढा डाग दिसला. लाल नव्हे, आपल्या सावळ्या कातडीवर पुस्तकातलं लाल दिसतच नाही, जांभळट काळपट दिसतं. हात लावला तर आजूबाजूपेक्षा गरम आणि थोडं कडक. बोटानं दाबून सोडलं, रंग फिका झाला नाही, तसाच राहिला. आणि मी काय केलं? वॉर्डात पाठ पुसताना सगळे चोळायचे म्हणून खोबरेल तेल घेऊन तोच डाग जोर लावून चोळला. सकाळ संध्याकाळ, पाच दिवस. आई शेजारणींना सांगायची, पोरगी नर्स होतेय, बघा कशी सेवा करते. आजी म्हणायची, "बाळ, तिथं जरा हळू." सहाव्या दिवशी कातडी तेलाच्या बोटाला चिकटून आली.

तो बेडसोर, एकाच जागी अंगाचा भार पडून रक्त अडल्यानं होणारी जखम. ती भरायला पाच महिने लागले. बोटानं दाबून रंग जात नाही म्हणजे तिथल्या पेशी त्या वाटेवर बऱ्याच पुढं गेलेल्या असतात. कडा ढासळायला आलेल्या असताना मी वरून फावडं मारत होते. चोळल्यानं तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात. करायचं होतं एवढंच की त्या जागेवरचा भार काढून घ्यायचा आणि तिकडं हात लावायचा नाही. मला उत्तर येत होतं, पण तक्त्यातलं ते उत्तर आणि आजीच्या पाठीवरचा तो डाग एकच आहे हे कळलं नाही. म्हणून तक्त्यावर एवढा राग.

(त्या दिवसांत एका ठिकाणी वॉटर बेड, म्हणजे एका जागेवरचा भार कमी करणारी पाण्याची गादी, मिळतो म्हणून कळलं. तीन हेलपाटे घातले. पहिल्यांदा फॉर्म नाही, दुसऱ्यांदा सहीवाला साहेब नाही, तिसऱ्यांदा खिडकीतला माणूस म्हणाला पेशंटला घेऊन या. खुबा मोडलेल्या बाईला! नाव घेत नाही, घेऊन काय होणार.)

बाकी अडॅप्टेशन म्हणजे पेशीनं ताण ओळखून मरायच्या आधी केलेली तडजोड. तालमीतल्या पैलवानाचा दंड फुगतो तो पेशी मोठ्या झाल्यामुळं, म्हणजे हायपरट्रॉफी. जुन्या बीपीवाल्याच्या हृदयाचा डावा कप्पा जाड होतो तोही तसाच, कारण हृदयाची पेशी नवीन पेशी काढत नाही. संख्या वाढली की हायपरप्लासिया, म्हातारपणीचं प्रोस्टेट आठव. गरोदरपणी गर्भाशयात दोन्ही होतं, हा प्रश्न हमखास येतो. प्लास्टर काढल्यावर पाय बारीक दिसतो, पेशी आकसून लहान झालेल्या असतात, ती अ‍ॅट्रॉफी. मेटाप्लासिया म्हणजे एका जातीच्या पेशींच्या जागी दुसऱ्या जातीच्या येणं, त्यासाठी निपाणीकडचा कुणीही जुना विडी ओढणारा डोळ्यासमोर आण. श्वासनळीतल्या केसाळ उंच पेशींच्या जागी चपट्या टणक पेशी येतात. धूर त्या सोसतात, पण कफ वर ढकलणारे केस गेले, म्हणून सकाळी उठल्या उठल्या खोकला. डिस्प्लासिया, म्हणजे पेशी वेड्यावाकड्या वाढणं, काही पुस्तकं याच रांगेत बसवतात. मला ते पटत नाही, ती तडजोड नव्हे, ती बिघाडाची सुरुवात. पण परीक्षेत तुमच्या मॅडम सांगतात तसंच लिही, माझ्या मतावर मार्क घालवू नकोस.

मराठी शाळेतल्यांसाठी एक युक्ती. इंग्लिश शब्द इंग्लिश म्हणून पाठ करू नकोस, ते ग्रीक आहेत, सगळ्यांनाच परके. ट्रॉफी म्हणजे पोषण, प्लासिया म्हणजे घडण, लायसिस म्हणजे विरघळणं, रेक्सिस म्हणजे फुटणं, कॅरिओ म्हणजे गर. केंद्रक आधी आकसतं तो पिक्नोसिस, मग फुटतं तो कॅरिओरेक्सिस, मग विरघळतं तो कॅरिओलायसिस. नेक्रोसिसचेही, म्हणजे इजा होऊन पेशी मरण्याचेही, चेहरे लक्षात ठेव. हृदयात आणि किडनीत गोठल्यासारखा, मेंदूत पातळ होणारा, टीबीत फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा. आमच्यात एकीनं टीबीचं वर्णन कुंद्यासारखं (बेळगावची दुधाची मिठाई) केलं होतं, तिला महिनाभर कुंदा चारायला लावला. अपॉप्टोसिस वेगळा, तिथं पेशी ठरवून, आवरून सावरून जाते, आजूबाजूला सूज येत नाही.

स्ट्रेसबद्दल तू विचारलंयस ते थोडक्यात. ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांवरून मांडलेल्या तीन पायऱ्या, अलार्म (धोक्याची घंटा), रेझिस्टन्स (तोंड देणं), एक्झॉशन (थकून जाणं), त्या लिहायच्याच. पण वॉर्डात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं आणि साखर चढवणारं संप्रेरक, जास्त उपयोगी पडतं. ऑपरेशन झालेल्या, आधी डायबिटीस नसलेल्या माणसाची साखर वाढलेली दिसली की लगेच नातेवाइकांना "शुगर आहे" सांगून मोकळी होऊ नकोस. ताणानंही वाढते. डॉक्टरांना कळव, नोंद कर.

मी डॉक्टर नाही, आधी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आणि नंतर पोस्ट बेसिक (त्यापुढची पदवी) केलेली साधी स्टाफ नर्स आहे. सिलॅबस बदललाय, आमच्या वेळी सेमिस्टर नव्हतं, तेव्हा मार्कांच्या वाटणीबद्दल मला विचारू नकोस.

आणि वॉर्डात पोस्टिंग लागली की बेडसोरसाठी टाचा बघ, पाठ सगळे बघतात, टाचा कुणी बघत नाही. उशी पोटरीखाली, टाच अधांतरी राहिली पाहिजे. ते भोकाचं रबरी कडं कुणी दिलं तरी घेऊ नकोस, भोवतीनं रक्त अडतं. विहिरीचं चित्र स्वतःच्या हातानं काढून, प्रत्येक पायरीपुढं इंग्लिश शब्द लिहून इथं टाक. गुरुवारी माझी नाईट आहे, पहाटे जरा निवांत असतं, तेव्हा तपासून देते.