चंद्रावरचं ‘दाबलेलं’ बोलणं

प्रश्न : अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परग्रहावरची यानं पाहिली, नासाने ते बोलणं दाबलं, पण हॅम रेडिओवाल्यांनी (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी) ते ऐकलं, असा मजकूर आमच्याकडे फिरतो आहे. बझ ऑल्ड्रिन यांचा व्हिडिओही सोबत असतो. यात तथ्य किती?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ऑल्ड्रिन यांनी काहीतरी पाहिलं होतं, हे खरं आहे. जुलै १९६९, चंद्राच्या वाटेवरचा तिसरा दिवस. खिडकीतून एक वस्तू सोबतीने चाललेली दिसली. सेक्स्टंटमधून (यानातल्या दिशा मोजायच्या दुर्बिणीतून) पाहिलं तर फोकस हलवावा तसा आकार बदलायचा. कधी पोकळ नळकांडं, कधी उघडं पुस्तक. आपल्याच रॉकेटचा तिसरा टप्पा असेल म्हणून त्यांनी ह्यूस्टनला, म्हणजे जमिनीवरच्या नियंत्रण केंद्राला, विचारलं, तो टप्पा कुठे आहे? उत्तर आलं, सुमारे ६,००० सागरी मैलांवर. म्हणजे ११,००० किलोमीटर! मग तो नव्हे. पण चांद्रयानाभोवतीच्या (चंद्रावर उतरणाऱ्या यानाभोवतीच्या) आवरणाचे चार मोठे पत्रे सुटून त्याच दिशेने निघाले होते. त्यांतलाच एक असणार, असं ऑल्ड्रिन यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. व्हिडिओतल्या मुलाखतीतला नेमका हाच खुलासा गाळला गेला, ही त्यांची स्वतःची तक्रार आहे.

वस्तू दिसल्याचं त्यांनी रेडिओवर बोलून दाखवलं नाही, हेही खरं. पण परतल्यावर त्याच महिन्यात तिघांनी अहवालात सगळं सविस्तर सांगितलं.

आता हॅमवाल्यांचं. मी स्वतः बरीच वर्षं हॅम आहे, त्यामुळे हा आरोप मला फार लागतो. त्या बनावट संवादात ‘मिशन कंट्रोल’ अपोलो ११ला हाक मारतं. खऱ्या ध्वनिफितींत हाक ‘ह्यूस्टन’ अशी असते आणि उतरल्यानंतर चांद्रयान ‘ट्रँक्विलिटी बेस’ असतं. कॉल साइन (रेडिओवरची ठरलेली हाक) चुकलेला संदेश ऐकून कुठल्याही हॅमचे कान टवकारतील.

आणि एका हौशी माणसाने खरोखरच ऐकलं होतं! अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात, लॅरी बेसिंगर या रेडिओ तंत्रज्ञाने घरच्या घरी अँटेना उभारली आणि चांद्रवीरांच्या पोशाखांतल्या रेडिओचं व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेचं) प्रक्षेपण चंद्रावरून थेट पकडलं. नासाच्या हाताखालून न गेलेलं ते बोलणं. सुमारे ३५ मिनिटं. टीव्हीवर जे ऐकू येत होतं तेच, फक्त काही सेकंद आधी. वेगळं एक वाक्य नाही. गुप्त संभाषणाचा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी हा माणूस शोधायला हवा होता.

अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांना १९६२मध्ये यानाबाहेर दिसलेल्या चमकत्या ‘काजव्यां’बद्दलही तुम्ही ऐकाल. तीनच महिन्यांनी दुसरे अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर यांनी यानाच्या आतून भिंतीवर थापा मारल्या, तशा बाहेर गोठलेल्या हिमकणांच्या ठिणग्या उडाल्या.

अपोलो ११च्या संभाषणाची संपूर्ण प्रत नासाच्या संकेतस्थळावर आहे. उड्डाणानंतर ६० तास उलटल्यानंतरचा भाग काढा. तिसऱ्या टप्प्याबद्दलचा तो प्रश्न तिथे आहे.