आपत्कालीन पिशवीत बंदूक ठेवावी का?

प्रश्न : सुभेदारसाहेब, आम्ही डागा लेआउटमध्ये तळमजल्यावर राहतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी आमच्या पलंगापर्यंत आलं. घर तसंच टाकून वर शेजाऱ्यांकडे जावं लागलं. तेव्हापासून मी दर पावसाळ्याआधी एक पिशवी भरून ठेवतो. त्यात स्वसंरक्षणासाठी एखादं हत्यारही असावं असं मित्र म्हणतात. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्यावं की बारा बोअरची छर्ऱ्यांची बंदूक? परवाना मिळेपर्यंत एअरगन चालेल का? काटोलला थोरल्या भावाकडे परवान्याची दुनाळी आहे, ती पावसाळ्यापुरती आणली तर? घरात आई, पत्नी आणि अकरा वर्षांची मुलगी आहे.
– एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी दुनाळीचं सांगतो, कारण त्यात तुम्ही उद्याच अडकू शकता. ती आणू नका. परवाना भावाच्या नावाचा आहे, तुमच्या घराचा नाही. भाऊ सोबत असताना त्याच्यासाठी तुम्ही बंदूक उचलून धरली तर कायदा ते चालवून घेतो. पण भाऊ काटोलला आणि बंदूक तुमच्या कपाटात, म्हणजे ती विनापरवाना बाळगणं झालं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षांची कैद आहे, ती पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. ‘आमच्याच घरची आहे’ हे उत्तर ठाण्यात चालत नाही.

तुमच्या पिशवीची अडचणही हीच आहे. पाणी चढू लागलं की ती पिशवी जो जवळ असेल तो उचलतो. कधी पत्नी, कधी मुलगी. पिशवी सगळ्या घराची असते. बंदूक मात्र एकाच माणसाची, ज्याचा फोटो परवान्यावर आहे त्याची. माझी सगळी नोकरी लष्कराच्या शस्त्रागारात झाली. आमच्या कोतमध्ये, म्हणजे तुकडीच्या शस्त्रकोठारात, रायफल कोणाच्या हातात गेली हे रजिस्टरवर सहीनिशी लिहिलेलं असायचं, आणि ती रायफल हातात घेणारा प्रशिक्षित जवान असायचा. अंधारात, भिजलेल्या अंगानं, आजीचा हात धरून जिना चढणाऱ्या मुलीच्या खांद्यावर भरलेलं रिव्हॉल्व्हर असलेली पिशवी मला चालणार नाही.

आणि ती घेऊन जाणार कुठे? पुरात निवारा बहुतेक वेळा शाळेतच मिळतो. शाळेच्या आवारात किंवा लोकांच्या जमावात हत्यार नेऊ नये, असं परवान्याच्या अटींतच असतं. घरी ठेवून गेलात तर रिकाम्या घरात शिरलेल्या चोराला आयतं हत्यार मिळेल. तुमची खरी भीती त्याच चोरीची असावी. पण तुम्ही घरात नसताना बंदूक घर राखत नाही. घरात असलात तरी स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये बांधलेला आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही. अंधारात दिसलेल्या सावलीवर झाडलेल्या गोळीचा हिशेब पुढे कोर्टात द्यावा लागतो, आणि ती सावली मदतीला आलेल्या शेजाऱ्याचीही असू शकते.

तरीही निवड विचारली आहे, तर सरळ सांगतो. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आखूड नळीचं, घोडा जड. नियमित सराव नसेल तर खोलीच्या पलीकडचा नेमही चुकतो. सराव करायचा तर काडतुसं लागतात, आणि वर्षाला किती घेता येतील ते परवान्यावर ठरवून दिलेलं असतं. बारा बोअर शेतावर एकट्या राहणाऱ्या माणसाला शोभते, फ्लॅटमध्ये ती लांब आणि अवघड. एअरगन साडेचार मिलिमीटर बोअरची आणि वीस ज्यूलपेक्षा कमी जोराची असेल तर परवाना लागत नाही. पण तिनं चोर थांबत नाही, मुलांचा डोळा मात्र जातो. शिवाय रात्री ती लांबून खऱ्या बंदुकीसारखीच दिसते, म्हणजे समोरचा घाबरून काय करेल याचा नेम नाही.

तुमच्या जिवाला खरोखर कोणाकडून धोका असेल तर गोष्ट वेगळी. मग शहरात पोलीस आयुक्तांकडे रीतसर अर्ज करा, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण मनापासून घ्या आणि घरात भिंतीला पक्की केलेली कुलूपबंद तिजोरी बसवा. पुराची भीती हे मात्र त्या अर्जात लिहिण्याजोगं कारण नाही.

त्या पहाटे लोकांना बाहेर काढायला बोटी आल्या, आमच्या कामठीहून लष्कराचे जवानही आले. अशा वेळी बोटीतल्या माणसाला तुम्ही कुठे आहात हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. म्हणून पिशवीत प्रत्येकासाठी एक शिट्टी ठेवा, मुलीची तिच्या गळ्यात. लांब प्रकाशाची विजेरी, पॉवर बँक, नायलॉनचा दोर. आईची आठवडाभराची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, ओआरएस, प्यायचं पाणी, क्लोरीनच्या गोळ्या. घराची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, थोडी रोकड. ११२ आणि १०८ हे नंबर मुलीला पाठ हवेत. दागिन्यांचा घोर असेल तर पावसाळ्याआधी ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा. मीटरचा मेन स्विच कोण बंद करणार हेही ठरवा. पाणी शिरलेल्या घरात विजेचा धक्का चोरापेक्षा फार लवकर येतो.

काटोलच्या भावाला एवढं कळवा : दुनाळी चामड्याच्या म्यानात पावसाळाभर ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि नळीला गंज चढतो. नळीतून पुलथ्रूनं, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीनं, कोरडी चिंदी फिरवावी, मग हलकं तेल. काडतुसं पत्र्याच्या छपराखाली किंवा गाडीत नकोत, आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांतली दारू खराब होते. आणि परवान्याची मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात गेलेला असावा.