मराठीत स्वतःच्या जिवावर काही करणाऱ्या 'क्रिएटर' मंडळींना सामान्य माणसाने आधार कसा द्यावा? त्यांनी राजकारण्यांची मदत घ्यावी का?

हा प्रश्न विचारून त्याखाली तुम्ही आधाराचे तीन प्रकार लिहिलेत: पोस्ट शेअर करणं, चांगला अभिप्राय देणं आणि ओळखीच्या नेत्याकडे शब्द टाकणं. विकत घेणं त्यात कुठेच नाही, म्हणून लिहायला बसले.

मी आणि माझे मिस्टर सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, सोसायट्यांचे अहवाल आणि निवडणूक आली की सगळ्या पक्षांची पत्रकं. त्यातून जे उरतं त्यातलं थोडं घालून वर्षाला एक दिवाळी अंक काढतो. संपादक मी, मुद्रक ते, प्रूफं सासूबाई तपासतात आणि माझ्यापेक्षा बारकाईने तपासतात.

का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही साहित्यसेवा आहे असं भाषणांत ऐकायला मिळतं. असेल. आमचा हिशेब सांगते. अंकाची किंमत 300 रुपये. वितरक आणि विक्रेता मिळून 40 टक्के घेतात, हातात येतात 180. कागद, प्लेटा, मुखपृष्ठाचं लॅमिनेशन, बाइंडिंग, चित्रकार, लेखकांचं मानधन धरून एक प्रत पडते 200च्या वर, तीही छपाई घरची असून. म्हणजे दुकानातून अंक विकला गेला की आम्हाला खिशातले पैसे घालावे लागतात, आणि नाही विकला गेला की तो परत येतो, कोपरे मुडपून, आणि मग रद्दीच्या काट्यावर. अंकावर जीएसटी नाही म्हणून लोक म्हणतात तुम्हाला सवलत आहे. अंकावर नाही, कागदावर आहे. आणि अंकावर नसल्यामुळेच कागदावर भरलेला कर आम्हाला वजा करून मिळत नाही.

ही खोट जाहिरातींनी भरून निघते. आता राजकारण्यांची मदत घ्यावी का, या प्रश्नाबद्दल. आमच्या भागात हा प्रश्नच पडत नाही. जाहिरात देणार कोण? साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, बँक, शिक्षणसंस्था. त्यांचे चेअरमन कोण, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही विचारा. राजकारण नको म्हणून दार लावून घेतलं तर आत आम्ही दोघं आणि सासूबाईच उरू.

आणि दार उघडं ठेवलं तरी सरकारी कृपेची खात्री नाही. विधानसभेची निवडणूक गेली कित्येक वर्षं नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते. 2014ला मतदान 15 ऑक्टोबरला, 2019ला 21 ऑक्टोबरला. 2024ला तर आचारसंहिताच 15 ऑक्टोबरला लागली आणि लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला. आचारसंहिता लागली की सरकारी जाहिरातींचा नळ बंद होतो, आणि पुढारी शुभेच्छांचं पान घ्यायला बिचकतात, कारण ते निवडणूक खर्चात धरलं गेलं तर काय. त्याच ऑक्टोबरच्या 3 तारखेला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या चौकात अभिनंदनाचे फ्लेक्स लागले, आणि दोन ठरलेली पानं रद्द झाल्याचे फोनही त्याच पंधरवड्यात आले.

आता जे सांगायचंय ते सांगते. काही वर्षांपूर्वी भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, त्यांच्या साहेबांची जाहिरात आणली. भाऊजी पक्षात आहेत. पद फार मोठं नाही, पण गाडीला पाटी आहे. आतलं पूर्ण रंगीत पान, वर साहेबांचा हात जोडलेला फोटो, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि त्यात भाऊजीही. दर मी मिठाईवाल्याला लावते तोच लावला. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

संगणकावर पानं लावणाऱ्या आमच्या डीटीपीच्या मुलाला तेवढं एक पान साहेबांच्या पीएंना मंजुरीसाठी पाठवायचं होतं. त्याने अख्ख्या अंकाची पीडीएफ पाठवली. त्या अंकात एक व्यंगचित्र होतं. रस्त्यात मोठा खड्डा, त्यात गॉगल लावलेला एक नेता भूमिपूजनाचा नारळ फोडतोय, आणि त्याच्या पायाशी आधीच्या भूमिपूजनांच्या तीन करवंट्या पडल्यात. एकीत पावसाचं पाणी साचलंय आणि त्यात बेडूक. चित्रकाराने नेत्याला झुपकेदार मिशी काढली होती. साहेबांना मिशी नाही.

संध्याकाळी पीएंचा फोन. "मॅडम, त्या खड्ड्यात आमचे साहेब का उभे आहेत?"

मी म्हटलं, ते तुमचे साहेब आहेत असं कुठे लिहिलंय?

"करवंट्या मोजल्या मी. चौथं भूमिपूजन आमच्याच साहेबांचं झालंय."

मला खरंच माहीत नव्हतं. चित्रकारालाही नव्हतं, तो रत्नागिरीचा.

पीए चांगले गृहस्थ होते. धमकी वगैरे काही नव्हती. हे मुद्दाम लिहिते, कारण असं काही सांगायला घेतलं की ऐकणाऱ्याला धमकीच ऐकायची असते. ते म्हणाले, एवढं चित्र काढून टाका, साहेब आतलं पान सोडून मलपृष्ठ घेतील, दुप्पट दराने. मलपृष्ठ तेव्हा रिकामंच होतं. त्या पैशात सगळ्या लेखकांचं मानधन निघत होतं.

रात्री भाऊजी जेवायला आले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, दोनशे पानांतलं एक पान. एका चित्रासाठी काय एवढं घेऊन बसलात?"

मी म्हटलं, मग साहेबांनाही हेच सांगा. दोनशेतलं एकच पान आहे, सोडून द्या म्हणावं.

मग त्यांनी त्यांचा हुकमाचा एक्का काढला, जो ते अजून दर दिवाळीला काढतात. "दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'ला 1971 साली दादरचं 'कोहिनूर' मिळत नव्हतं. बाळासाहेब उभे राहिले म्हणून लागला. पुढाऱ्याच्या पाठबळाशिवाय मराठीत कुणी मोठं झालंय का?"

गोष्ट खरी आहे. थिएटरवाल्याला हिंदी सिनेमा लावायचा होता, शिवसेना आडवी आली आणि 'सोंगाड्या' लागला. पण सेनेने दार उघडून दिलं, पंचवीस आठवडे खुर्च्या कोणी भरल्या? तिकिटं काढून आलेल्या माणसांनी. 2015 साली मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावायची सक्ती झाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला, टीका करणाऱ्या लेखिका शोभा डे यांच्या घरी निषेध म्हणून वडापाव आणि दही मिसळ नेण्यापर्यंत मजल गेली. खेळ मिळाले. प्रेक्षक काही सक्तीने आले नाहीत.

आणि बाळासाहेबांचंच नाव घ्यायचं तर पुरतं घ्या. ते स्वतः व्यंगचित्रकार. 'मार्मिक' सुरू झालं 1960 साली, शिवसेना निघाली 1966 साली. व्यंगचित्रांचं साप्ताहिक आधी, पक्ष नंतर. 1960 साली कुणी त्यांना मलपृष्ठाचे दुप्पट पैसे देऊन "एका चित्रासाठी काय एवढं" म्हटलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर भाऊजी आज कुठल्या पक्षाची पाटी लावून फिरले असते? हे मी तेव्हाही विचारलं. त्यांनी आमटी मागितली.

चित्र छापलं. जाहिरात गेली. मलपृष्ठ गावातल्या फरसाणवाल्याने निम्म्या दरात घेतलं, त्यातलेही काही पैसे त्याने चिवड्याच्या रूपाने दिले. त्या वर्षी लेखकांना मानधन कमी आणि चिवडा जास्त गेला. औरंगाबादच्या एका कवींनी पोचपावतीत कवितेपेक्षा चिवड्याबद्दल जास्त लिहिलं.

पुढच्या वर्षी साहेबांची जाहिरात आपणहून आली. आतलं पान, नेहमीचा दर, पैसे आगाऊ. कारण त्यांच्या विरोधकांची आली होती आणि तालुक्याच्या अंकात आपण नाही हे त्यांना चालणार नव्हतं. भाऊजींचं म्हणणं, मी शब्द टाकला म्हणून आली. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, पण दरपत्रक माझ्या हातात आहे.

तर माझं मत सरळ आहे. पुढाऱ्याकडून जाहिरात घ्यावी, मदत घेऊ नये. जाहिरातीला दर असतो, पावती असते, ती पान उलटलं की संपते. मदतीला पावती नसते आणि ती कधी संपत नाही. दर सगळ्यांना एकच लावा, पैसे आधी घ्या, आणि अख्ख्या अंकाची पीडीएफ कुणालाही पाठवू नका. प्रकाशनाला नेत्याला बोलवायचं असेल तर बोलवा, पण समारंभाचा खर्च त्याच्याकडून घेऊ नका, नाहीतर सूत्रसंचालकसुद्धा तिकडूनच येतो.

तुम्ही 'क्रिएटर' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे लिहिणारा, गाणारा, माइकपुढे उभा राहणारा येतो. मला त्याच्या मागे जागेचं भाडं भरणारा दिसतो. मार्च 2025 मध्ये स्टँड-अप कॉमेडियन कुणाल कामराच्या विनोदावरून शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी, असे कार्यक्रम जिथे होतात तो मुंबईतल्या खारचा हॅबिटॅट स्टुडिओ फोडला. विनोद आवडला की नाही यावर सगळ्या महाराष्ट्राने मत दिलं. खुर्च्या कोणाच्या मोडल्या, स्टुडिओ बंद ठेवल्यावर भाडं कोणी भरलं, तिथे रोज रात्री पहिल्यांदा उभं राहणाऱ्या पोरांनी कुठे जायचं, यावर किती जण बोलले? ज्याने वाक्य उच्चारलं त्याला दोन्ही बाजूंनी नाव मिळतं. ज्याने जागा दिली त्याला सुताराचं बिल मिळतं. आधार द्यायचाच असेल तर अशा जागांचं तिकीट काढा, गडबड होण्याच्या आधी.

राजकीय मत जुळत नसेल तर एखाद्याचं काम विकत घ्यावं का, असंही विचारलं जातं. घ्या की. आमच्या मशीनवर सकाळी एका पक्षाचं पत्रक चढतं, दुपारी त्यालाच शिव्या देणारं दुसऱ्याचं. कायद्याने दोन्हींवर आमच्या छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, आणि दोघंही बिल देतात (एक पक्ष उशिरा देतो, कोणता ते सांगत नाही). माझ्या अंकात मला न पटणारे दोन लेख दरवर्षी असतात, मुद्दाम. मात्र एखाद्या जातीविरुद्ध, धर्माविरुद्ध माणसं पेटवणारा मजकूर आम्ही छापत नाही, आणि तसं काही विकत घेऊ नका हेही सांगते. हे आधीच लिहायला हवं होतं, पण ओघात राहिलं.

आणखी एक, नाहीतर ग्रंथपाल मंडळी रागावतील. वाचनालयात एकदा पैसे भरून गुढीपाडव्यापर्यंत सगळे अंक वाचायची योजना असते, त्याला माझा विरोध नाही. वाचनालयं रोख पैसे देऊन अंक घेतात आणि परत करत नाहीत, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. राग आहे तो "एक अंक ठेव गं माझ्यासाठी" म्हणणाऱ्यांवर. नातेवाईक, वर्गमैत्रिणी, व्हॉट्सॲपवर मराठी वाचवणारे काका. हॉटेलात एका थाळीचे 300 रुपये देताना यांचा हात थरथरत नाही. भाऊजी दरवर्षी साहेबांच्या ऑफिसात ठेवायला पाच अंक उचलतात आणि वर सांगतात की तुमचा प्रचार करतोय.

तेव्हा ज्याचं काम आवडतं त्याच्याकडून थेट घ्या. दुकानातून घेतलात तर आमचे 180, थेट घेतलात तर 300, टपालखर्च वेगळा. आणि शक्य असेल तर ऑगस्टमध्ये घ्या. प्रकाशनपूर्व सवलत म्हणजे वाचकावर उपकार असतो असा समज आहे, प्रत्यक्षात कागद ऑगस्टमध्ये घ्यावा लागतो आणि कागदवाला आता उधारी देत नाही. ऑगस्टमध्ये शंभर जणांचे पैसे आले की मलपृष्ठाची घाई राहत नाही. नाटकाचंही तसंच. पहिल्या पाच प्रयोगांना जा, शंभरावा प्रयोग तुमच्याशिवायही होतो.

दया म्हणून मात्र काही घेऊ नका. अंक वाईट निघाला तर कोणती कथा वाईट होती ते कळवा. मागच्या वर्षीच्या एका कथेबद्दल अशी सात पत्रं आली, सगळी बरोबर होती, आणि सातही जणांनी या वर्षीचे पैसे भरलेत.