रिपोर्टमध्ये क्लेब्सिएला आलं आणि सगळीकडे 'आर' दिसतंय, तेव्हा डॉक्टरांना काय विचारायचं

ताई, तुमची घालमेल समजते. तुम्ही लिहिलंय त्यावरून परिस्थिती अशी दिसते: वडील 71 वर्षांचे, मधुमेह जुना, पक्षाघातानंतर बरेच दिवस आयसीयूत आहेत, लघवीची नळी लावलेली आहे. चार दिवसांपूर्वी थंडी वाजून ताप आला, रक्तदाब उतरला. काल रक्त आणि लघवी, दोन्हींच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) क्लेब्सिएला न्यूमोनी हा जंतू आला. यादीतल्या जवळजवळ सगळ्या अँटिबायोटिक औषधांपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाही) आहे आणि कोलिस्टिन या औषधापुढे फक्त 'आय' (इंटरमीडिएट, म्हणजे मधला शेरा). तुम्ही विचारताय की आता औषधच उरलं नाही का, हा न्यूमोनिया आहे का, आणि घरातल्या लहान मुलांना हे लागेल का. मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत अनेक वर्षं हेच रिपोर्ट देत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

औषध उरलेलं आहे, हे सगळ्यात आधी. कोलिस्टिनपुढचा 'आय' बघून जंतू त्यालाही अर्धवट दाद देत नाही असं वाटतं, पण त्याचा अर्थ तसा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच प्रयोगशाळा सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या निकषांवर चालतात. त्यांनी 2020 मध्ये कोलिस्टिनसाठी 'एस' (ससेप्टिबल, म्हणजे औषध लागू पडतं) हा शेरा काढूनच टाकला. आता त्या औषधापुढे 'आय' किंवा 'आर' एवढंच येऊ शकतं, म्हणजे तुमच्या वडिलांचा निकाल शक्य त्यातला चांगला आहे. 'एस' काढण्याचं कारण औषधातच आहे. कोलिस्टिन किडनीला त्रास देतं, रक्तात त्याची पातळी हवी तितकी आणि खात्रीने मिळत नाही, फुप्फुसात तर ते आणखी कमी पोचतं. म्हणून ते वापरायचं ठरलं तर क्रिॲटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) आणि दिवसभरातली लघवी यावर रोज लक्ष हवं. दुसरा चांगला पर्याय असेल तर मी त्याच्या बाजूने असेन.

आता त्या 'आर'च्या रांगेबद्दल. त्यातले काही 'आर' ही बातमीच नाही. ॲम्पिसिलिनला क्लेब्सिएला जन्मतःच दाद देत नाही, तो शेरा प्रत्येक रुग्णाच्या रिपोर्टवर असतो. महत्त्वाचा 'आर' आहे मेरोपेनेम आणि इमिपेनेमपुढचा. ही कार्बापेनेम गटातली औषधं. ती निकामी होतात तेव्हा बहुतेक वेळा जंतूकडे औषध फोडणारं एखादं विकर, म्हणजे एन्झाइम, आलेलं असतं; त्याला कार्बापेनेमेज म्हणतात. भारतात यात दोन नावं प्रामुख्याने दिसतात: एनडीएम आणि ऑक्सा-48 गट. पुष्कळदा दोन्ही एकाच जंतूत असतात. एनडीएम पहिल्यांदा ओळखलं गेलं ते दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णाच्या 2008 मधल्या लघवीच्या नमुन्यात, आणि तो जंतूही क्लेब्सिएला न्यूमोनीच होता. मुंबईत हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जंतूंची माहिती प्रसिद्ध केली, त्यातल्या 22 मध्ये एनडीएम होतं. म्हणजे हे संकट आपल्याकडे नवीन नाही, आणि त्यावर विचारही बराच झालेला आहे.

कोणतं विकर आहे यावर औषध ठरतं, आणि छापील यादीत हे दिसत नाही. सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टम हे इंजेक्शन ऑक्सा-48 असलेल्या जंतूवर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही. ॲझट्रिओनॅम नावाचं औषध एनडीएमला फोडता येत नाही. पण अशा जंतूकडे सहसा ईएसबीएलसारखी दुसरीही विकरं असतात आणि ती ॲझट्रिओनॅम फोडतात, म्हणून रिपोर्टमध्ये त्याच्यापुढे 'आर' येतो. आता दोन्ही औषधं एकत्र दिली तर काय होतं ते बघा. ॲव्हिबॅक्टम त्या बाकीच्या विकरांना अडवून धरतं, एनडीएम ॲझट्रिओनॅमचं काही वाकडं करू शकत नाही, आणि ॲझट्रिओनॅम आपलं काम करतं. वेगवेगळी तपासल्यावर दोघांपुढे 'आर', आणि जोडीने दिल्यावर जंतू मरतो. एनडीएमच्या गंभीर संसर्गात हीच जोडी आज पहिल्या पसंतीची मानली जाते. उपचार महाग आहे, त्यामुळे एकूण किती दिवस आणि किती खर्च हे आधीच विचारून ठेवा, त्यात संकोच करू नका.

म्हणून आज डॉक्टरांना भेटाल तेव्हा विचारा: "कार्बापेनेमेज कोणतं आहे ते कळलंय का? एनडीएम, ऑक्सा-48, की दोन्ही?" जनुकं शोधणारी यंत्रचाचणी उपलब्ध असेल तर तासाभरात उत्तर मिळतं. ती नसेल तर प्रयोगशाळा ही दोन औषधं एकत्र ठेवून जंतू वाढतो का ते प्लेटवर बघू शकते. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच प्रयोगशाळांत यातलं काही ना काही होतं, फक्त कोणीतरी मागावं लागतं. संसर्गतज्ज्ञांचा सल्ला मिळू शकत असेल तर तोही मागा, फोनवर मिळाला तरी चालेल.

एक सूचना. रिपोर्टवर औषधांपुढे एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं त्याचे, आकडे असतात. ज्याच्यापुढे सगळ्यात लहान आकडा ते सगळ्यात जोरदार औषध, असं समजून नातेवाईक आग्रह धरतात. हे आकडे एकमेकांशी तुलना करण्यासाठी नसतातच, प्रत्येक औषधाची मर्यादारेषा वेगळी असते. शिवाय औषध शरीरात कुठे पोचतं तेही बघावं लागतं. टायजेसायक्लिनचा आकडा कितीही छान दिसला तरी ते रक्तात आणि लघवीत फारच कमी उतरतं, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या संसर्गात केवळ त्याच्या भरवशावर राहणं मला पटणार नाही.

औषधाइतकंच महत्त्वाचं आहे ते संसर्गाचं मूळ. लघवी आणि रक्त दोन्हींत एकच जंतू आहे म्हणजे तो बहुधा लघवीच्या मार्गाने वर चढून रक्तात गेला. नळीच्या आतल्या बाजूला जंतूंचा चिकट थर धरतो आणि त्यात औषध नीट शिरत नाही. ती नळी काढता येईल का, निदान बदलली का, हे आजच विचारा. किडनीची सोनोग्राफी झाली का? खडा, अडथळा किंवा पू असेल तर तो मोकळा केल्याशिवाय कोणतंही इंजेक्शन पुरं पडत नाही. मानेत किंवा छातीत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) असेल तर तिचाही विचार व्हायला हवा.

किती दिवस औषध द्यायचं हा प्रश्न पुढे येईलच. रक्तात जंतू सापडलेल्या 3,600 हून अधिक रुग्णांवरचा बॅलन्स हा अभ्यास 2024 मध्ये आला. त्यात 7 दिवसांचे उपचार 14 दिवसांपेक्षा कमी पडले नाहीत. वडिलांचा जंतू फार चिवट आहे, त्यामुळे निर्णय त्यांचे डॉक्टर घेतील. पण ताप उतरला, मूळ काढून टाकलं, तर औषध लवकर थांबवणं म्हणजे हयगय नव्हे.

न्यूमोनियाबद्दल. जंतूच्या नावात तो आहे कारण 1882 मध्ये कार्ल फ्रिडलेंडर यांनी न्यूमोनियाने दगावलेल्यांच्या फुप्फुसांत हा जंतू पाहिला. त्यांच्याच सोबत बर्लिनमध्ये काम करताना हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये ती रंगवण्याची पद्धत काढली, जी आम्ही आजही दिवसातून अनेकदा वापरतो. पण क्लेब्सिएलाचं नेहमीचं ठिकाण आपलं आतडं. तिथून तो लघवीत, पित्तमार्गात, जखमेत, रक्तात, कुठेही जाऊ शकतो. न्यूमोनिया ठरवायला खोकला, वाढलेला श्वास, ऑक्सिजनची घसरण आणि एक्स-रेवर नवी छाया लागते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही.

हा धागा इतरही वाचतील म्हणून दोन गोष्टी. नळी लावलेल्या माणसाच्या लघवीत क्लेब्सिएला सापडला, पण ताप नाही, त्रास नाही, तर तो बहुतेक वेळा नुसता वस्तीला असतो. त्याला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. गरोदर स्त्री आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेला रुग्ण हे अपवाद. नुसती लघवी गढूळ दिसली म्हणून कल्चर पाठवणं आणि मग रिपोर्टला औषध देणं, यातूनच पुढचे असे चिवट जंतू तयार होतात. मला याची मनापासून चीड येते. आणि रक्तातल्या जंतूला सेफ्ट्रिॲक्सोन 'आर' पण पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 'एस' असेल, तर त्या 'एस'वर विसंबू नये. 2018 मधल्या मेरिनो चाचणीत अशा रुग्णांपैकी पायपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम घेतलेले 12.3 टक्के 30 दिवसांत दगावले, मेरोपेनेम घेतलेले 3.7 टक्के.

दुसरी गोष्ट रुग्णालयाबाहेरची आहे. चालत्या-फिरत्या मधुमेही माणसाला काही दिवस ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं, आणि सोनोग्राफीत यकृतात गळू. तैवानच्या डॉक्टरांनी 1986 मध्ये अशा सात रुग्णांची नोंद केली, त्यांच्या डोळ्यांतही संसर्ग गेला होता. हा क्लेब्सिएलाचा अधिक आक्रमक प्रकार. प्लेटवरची त्याची वसाहत लूपने (तारेच्या कडीने) उचलली की एकतारी पाकासारखी तार निघते. पाच मिलिमीटरपेक्षा लांब तार आली की आम्ही लगेच वॉर्डात फोन करतो. यात गळू सुईने किंवा नळी घालून रिकामं करावं लागतं आणि औषध अनेक आठवडे चालतं. अशा रुग्णाला धुरकट दिसू लागलं किंवा डोळा दुखू लागला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांनी बघायला हवं, कारण दृष्टी फार झपाट्याने जाते.

आता मुलं. हा जंतू मुख्यतः हातांवरून पसरतो, सर्दी-फ्लूसारखा हवेतून नाही. धडधाकट मुलांच्या आतड्यात तो शिरला तरी सहसा काही होत नाही. वडिलांना भेटण्याआधी आणि भेटल्यावर हातांना सॅनिटायझर लावा, आणि कॉटच्या पायथ्याशी असलेली बाटली डॉक्टर-नर्सही वापरतात ना तेवढं बघा. आठवण करून दिल्याचा कोणी राग मानू नये. घरी आल्यावर त्यांची वेगळी भांडी, वेगळी खोली यांची गरज नाही. नातवंडांना जवळ येऊ द्या. डायपर बदलल्यावर किंवा लघवीची पिशवी रिकामी केल्यावर मात्र साबणाने हात धुवायचे, आणि संडास स्वच्छ ठेवायचा. घरात तान्हं बाळ, डायलिसिसवरचा किंवा केमोथेरपी चालू असलेला माणूस असेल तर त्याची आणि वडिलांची काळजी शक्यतो एकाच व्यक्तीने घेऊ नये. घरच्यांनी खबरदारी म्हणून अँटिबायोटिक घेऊ नये आणि तपासण्याही करू नयेत.

बरे झाल्यावरही हा जंतू त्यांच्या आतड्यात काही महिने राहू शकतो. म्हणून हा रिपोर्ट, विकराच्या नावासकट, फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. पुढच्या वर्षभरात त्यांना कुठेही दाखल करावं लागलं, तर ताप आलेला असो वा नसो, तो पहिल्याच दिवशी दाखवा. विकर कोणतं ते कळलं की इथे लिहा, क्रिॲटिनिनही लिहा, मग पुढचं बोलू.