जुनी मर्सिडीज डब्ल्यू १२४ आजही जुनाट का दिसत नाही?

कारण तिच्यात उगाच काही नाही. मर्सिडीजचे डिझाइनप्रमुख ब्रुनो साको यांच्या देखरेखीखाली घडलेली ही गाडी १९८४ मध्ये आली. मागे निमुळती होत जाते ती वारा कमी अडावा म्हणून. वणीला मामांकडे डिझेलची आहे. आपल्याकडे ही गाडी १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीत जुळवली जायची. आषाढातल्या झडीत तिचा वायपर बघा! एकच, पण फिरताना लांबतो, आखडतो आणि काचेचे वरचे कोपरेही पुसतो. डिकीचं झाकण थेट बंपरपर्यंत उघडतं, त्यामुळे तुरीचं पोतं फार उचलावं लागत नाही. दार लावलं की ‘ठप्प’ असा भरीव आवाज येतो. मला तर तोच सगळ्यात आवडतो.